भट्टी विझल्यावर

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या मद्य आयोगाच्या संचालकांना खुर्ची सोडावी लागली. त्या राज्यात कडक दारूचा घाऊक व्यापार सरकारच्या हातात असतो. चौकशीत निघाले असे, की संचालकांसह सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी काही दुर्मीळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढायला लावल्या होत्या. पैसे त्यांनी पूर्ण मोजले होते, आणि पुढे चढ्या भावाने विकल्याचेही नाकारले. म्हणजे अपराध काय, तर सामान्य गिऱ्हाइकाला डावलून रांगेत पुढे घुसणे. पण ती रांग ज्या बाटलीसाठी होती तिचे नाव ऐकल्यावर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी बातमी पहिल्या पानावर घेतली नसती तरच नवल.

ती बाटली पॅपी व्हॅन विंकल. केंटकीची बर्बन, गव्हाची, आणि वयाने १५, २० किंवा २३ वर्षांची. २३ वर्षांच्या बाटलीची कंपनीने सुचवलेली किंमत तेव्हा ३०० डॉलरच्या आसपास होती. बाहेर ती हजारोंत जात होती. लेबलावर एक वृद्ध गृहस्थ सिगार पेटवताना दिसतात. हेच ते पॅपी, ज्युलियन प्रॉक्टर व्हॅन विंकल. गंमत ही, की या गृहस्थांचा सगळा धंदा चार ते आठ वर्षांच्या मालावर चालला. फार तर दहा-बारा. वीस-तेवीस वर्षे पिंपात ठेवायची दारू त्यांनी कधी योजलीच नव्हती. ती झाली ती मंदीने, करांच्या कायद्याने आणि एका नातवाच्या नाइलाजाने. आणि तिचे नाव झाले तोवर जिथे ती गाळली गेली ती भट्टी विझून गेलेली होती.

बर्बनचा कायदा तसा सरळ आहे. ती अमेरिकेत बनलेली असावी, धान्यात मका निदान ५१ टक्के असावा, आणि आतून जाळून कोळसा केलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात ती मुरावी. नंतर तिच्यात पाण्याखेरीज काहीही मिसळायचे नाही. रंग नाही, साखर नाही. पिंप एकदाच वापरायचे, मग ते स्कॉटलंडला नाहीतर आणखी कुठे विकून टाकायचे. मक्याच्या जोडीला थोडे मोड आणलेले सातू लागतात, कारण त्यांच्याशिवाय पिठुळाची साखर होत नाही. उरते तिसरे धान्य. बहुतेक भट्ट्या तिथे राय वापरतात. रायमुळे दारूला मिऱ्याचा चरका येतो. रायऐवजी गहू घातला की तो चरका जातो. मक्याचा गोडवा आणि जळक्या ओकमधून उतरलेली व्हॅनिला, कॅरमेल पुढे येतात. अशा दारूला लाकडाचा कडवटपणा लवकर चढत नाही आणि ती पिंपात जास्त वर्षे तग धरते, असे जाणकार सांगतात. बाजारातल्या सगळ्या बर्बनमध्ये ही गव्हाची शाखा लहानशीच.

या शाखेचे जनकत्व लुईव्हिलच्या विल्यम लारू वेलर यांना देण्याची प्रथा आहे. १८४९ मध्ये त्यांनी दारूची पेढी काढली हे खरे. पण वेलर होते घाऊक व्यापारी, दुसऱ्यांकडून माल घेऊन विकणारे. गव्हाची कृती त्यांनी शोधली या गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. काही इतिहासकार ते श्रेय लुईव्हिलच्याच स्टिट्झेल या जर्मन वंशाच्या घराण्याला देतात, आणि ते अधिक पटते, कारण प्रत्यक्ष भट्टी लावणारे ते होते. या घराण्यातल्या फ्रेडरिक स्टिट्झेलने १८७९ मध्ये पिंपे ठेवण्याच्या लाकडी मांडणीचे पेटंट घेतले. त्याआधी पिंपे एकावर एक रचत. खालचे पिंप वजनाने गळायचे, आणि मधले काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागत. स्टिट्झेलच्या मांडणीत प्रत्येक पिंप आपापल्या दोन लाकडी रुळांवर आडवे पडते, चारी बाजूंनी वारा खेळतो, आणि दुसऱ्या पिंपाला हात न लावता हवे ते पिंप घरंगळत बाहेर काढता येते. केंटकीतली गोदामे आजही याच धर्तीवर उभी आहेत. लेबलांवरच्या म्हाताऱ्या पुरुषांना जी प्रसिद्धी मिळते तिच्यातला थोडा वाटा या मांडणीला मिळायला हवा होता.

ज्युलियन व्हॅन विंकल १८९३ मध्ये वेलरच्या पेढीत फिरता विक्रेता म्हणून लागला. वय १९. डॅनव्हिल गावचा मुलगा, कॉलेज अर्धवट सोडलेला. घोडागाडीतून गावोगाव हिंडायचे, दुकानदारांशी गप्पा मारायच्या, ऑर्डर घ्यायची. गप्पांचा हा वारसा त्याने मरेपर्यंत सांभाळला. पुढे त्याने आणि ॲलेक्स फार्न्सली या सहकाऱ्याने मिळून पेढीच ताब्यात घेतली. पेढीला लागणारी दारू आर्थर फिलिप स्टिट्झेल यांच्या भट्टीतून यायची. एक गाळणारा, दोन विकणारे. तिघांचे सूत जुळले.

मग १९२० ची दारूबंदी आली आणि केंटकीतल्या भट्ट्या भराभर बंद पडल्या. सुटका एकाच दाराने होती, ते म्हणजे औषध. डॉक्टरने चिठ्ठी दिली तर रोग्याला दहा दिवसांत एक पाइंट व्हिस्की औषधाच्या दुकानातून मिळे, आणि ती पुरवण्याचा परवाना देशात मोजक्या सहा कंपन्यांना होता. त्यांतली एक स्टिट्झेलची. वेलरचा मालही तिच्याच गोदामातून औषध होऊन बाहेर पडत होता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्रकृतीच्या कारणासाठी म्हणून परवाना काढणाऱ्या मंडळींना यात काही अपूर्व वाटणार नाही. १९२९ पर्यंत जुने साठे इतके आटले, की सरकारने या परवानाधारकांना ठरावीक प्रमाणात नवी दारू गाळायची मुभा दिली. त्यामुळे ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तेव्हा बाकीचे लोक कुलपे उघडत होते आणि स्टिट्झेलच्या लोकांकडे मुरत पडलेली पिंपे होती.

दोन्ही घरांचे मिळून स्टिट्झेल-वेलर झाले आणि नवी भट्टी लुईव्हिलच्या दक्षिणेला शाइव्हली इथे उभी राहिली. शहराच्या हद्दीबाहेर, मुद्दाम. दारूबंदी उठल्यावर बऱ्याच कंपन्यांनी तिथे जागा धरली, म्हणजे लुईव्हिल महापालिकेचे कर चुकतील. पुढे १९३८ मध्ये शाइव्हलीकरांनी स्वतःचेच नगर स्थापन केले आणि भट्ट्यांचा कर आपल्या पदरात पाडून घेतला. केंटकीत दारूचा इतिहास लिहायचा म्हणजे निम्मा तरी कराचा इतिहास लिहावा लागतो. पुढेही त्याचा प्रत्यय येईल.

भट्टीचे उद्घाटन ठेवले ४ मे १९३५ ला. तो केंटकी डर्बीचा दिवस होता. घोड्यांच्या शर्यतीसाठी सारा देश लुईव्हिलला लोटतो, तेव्हा पाहुणे आपसूक येणार हे विक्रेत्या पॅपीने बरोबर हेरले होते. आवारात एक पाटी लागली. तिचा आशय असा, की इथे रसायनशास्त्रज्ञांना मज्जाव आहे, निसर्ग आणि जुन्या वळणाचा भट्टीप्रमुख मिळून काम उरकतात, हा दारूचा कारखाना नव्हे. दुसऱ्या पाटीत नफा झाला तर ठीक, तोटा झाला तर तोही सोसू, पण बर्बन उत्तमच बनवू अशी प्रतिज्ञा होती. पाट्या जाहिरातीसाठी होत्या यात शंका नाही. पण त्यांच्यामागे काही खरेही होते, आणि ते तपासून पाहता येते.

ते खरेपण पिंपात भरतानाच्या दारूच्या तीव्रतेत होते. भट्टीतून निघालेल्या दारूत पाणी घालून मग ती पिंपात भरतात. किती तीव्र दारू भरायची याला कायद्याची मर्यादा होती ११० प्रूफ, म्हणजे ५५ टक्के मद्यार्क. १९६२ मध्ये ती १२५ प्रूफवर गेली. तीव्र दारू भरली की पिंपे कमी लागतात, गोदाम कमी लागते, आणि बाटली भरताना पाणी घालून माल वाढवता येतो. हिशेबनीसाला हे फार आवडते. पण लाकडातली साखर पाण्यात जास्त विरघळते. कमी तीव्रतेने भरलेली दारू पिंपातून बाहेर येते ती दाट, गोड, आणि बाटलीत भरताना तिला फारसे पाणी लागत नाही. स्टिट्झेल-वेलरने बराच काळ कमी तीव्रतेचाच आग्रह धरला. पिंपांचा जास्तीचा खर्च सोसला. आज जुन्या बाटल्या उघडणारे लोक त्या दारूच्या दाटपणाबद्दल जे बोलतात त्यात वयाइतकाच या खर्चाचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

भट्टीचा मुख्य ब्रँड होता ओल्ड फिट्झजेरल्ड. तो पॅपीने दारूबंदीच्या काळात, सगळे विकायला निघालेले असताना, मिलवॉकीच्या एस. सी. हर्ब्स्ट यांच्याकडून घेतला आणि पुढे रायऐवजी गव्हाच्या कृतीवर आणला. जाहिरातीत फिट्झजेरल्ड म्हणजे आगगाड्यांना, आगबोटींना आणि बड्या क्लबांना दारू पुरवणारा कुणी खानदानी भट्टीवाला, अशी कथा असे. पॅपीची नात सॅली व्हॅन विंकल कॅम्पबेल हिने १९९९ मध्ये घराण्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात वेगळीच कथा सांगितली. जॉन फिट्झजेरल्ड भट्टीवाला नव्हताच. तो सरकारी खजिन्याचा माणूस होता.

इथे त्या काळचे गोदाम डोळ्यांसमोर आणायला हवे. दारूवरचा कर पिंप गोदामातून बाहेर पडताना द्यायचा असे. तोवर माल भट्टीवाल्याचा, पण ताबा सरकारचा. दाराला दोन कुलपे. एकाची किल्ली मालकाकडे, दुसऱ्याची सरकारी मोजणीदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. मोजणीदार पिंपाच्या पोटाला पाडलेल्या भोकातून नळी घालून नमुना काढी, तीव्रता मोजी, वहीत लिही. वर्षानुवर्षे हेच काम. साहजिकच कोणते पिंप कोणत्या मजल्यावर कसे उतरले आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसे. सॅलीच्या कथेप्रमाणे फिट्झजेरल्डकडे किल्ल्या होत्या, जीभ पारखी होती, आणि तो स्वतःसाठी चाखायला नेमके सर्वांत चांगले पिंप निवडायचा. कामगार अशा पिंपाला फिट्झजेरल्डचे पिंप म्हणू लागले, आणि तेच नाव पुढे बाटलीवर चढले. कथा खरी असेल नसेल, ओरेगॉनच्या साहेबांना मात्र मूळपुरुष सापडला म्हणायचा.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून अमेरिकेतल्या भट्ट्यांना प्यायची दारू बंद करून युद्धासाठी मद्यार्क गाळावा लागला. ते दिवस सरले. १९४० च्या दशकात दोन्ही भागीदार गेले आणि पॅपी एकटा उरला. पन्नाशीच्या दशकात तो मासिकांमधून ओल्ड फिट्झजेरल्डच्या जाहिराती स्वतःच्या नावाने लिहायचा. त्यात घरगुती किस्से, शिकारीचे किस्से, आणि शेवटी हळूच बाटली. याच काळात बिल सॅम्युएल्स नावाच्या गृहस्थाने १९५३ मध्ये लोरेटो गावची जुनी भट्टी विकत घेतली आणि त्याला गव्हाची बर्बन करायची होती. पॅपीने या होऊ घातलेल्या स्पर्धकाला सल्ला दिला, मदत केली. त्या भट्टीतून मेकर्स मार्क निघाली. आज जगात सगळ्यांत जास्त ओळखली जाणारी गव्हाची बर्बन तीच.

आता तो कर. केंद्र सरकारचा कायदा असा होता, की पिंप सरकारी ताब्यातल्या गोदामात जास्तीत जास्त आठ वर्षे ठेवता येईल. आठ वर्षे झाली की विको न विको, कर भरा. १९५१ पासून हा कर प्रति प्रूफ गॅलन साडेदहा डॉलर होता. शिवाय गोदामात पडलेल्या पिंपांवर केंटकी राज्याचा मालमत्ता कर वेगळा. त्यात दरवर्षी दारू उडून जाते, ती वेगळीच. अशा स्थितीत आठ वर्षांपुढे पिंप ठेवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. कोरियन युद्ध सुरू झाले तेव्हा शेन्ली कंपनीच्या लुई रोझेन्स्टीलला वाटले, पुन्हा भट्ट्या बंद होणार. त्याने गोदामे तुडुंब भरली. भट्ट्या बंद झाल्याच नाहीत, आणि कराची मुदत जवळ येऊ लागली. त्याने वॉशिंग्टनमध्ये सगळी शक्ती लावली आणि १९५८ मध्ये फोरँड कायदा होऊन आठाची मुदत वीस वर्षांची झाली. वीस वर्षांची बर्बन हा प्रकार शक्य झाला तो असा. त्यामागे कुणा रसिकाची जीभ नव्हती, एका चुकलेल्या व्यापाऱ्याची वशिलेबाजी होती.

पॅपी १६ फेब्रुवारी १९६५ ला गेला. वय ९० पार. तोपर्यंत हवा बदलली होती. तरुण अमेरिकेला बापाची तपकिरी दारू नको होती. व्होडका हवी होती, जिन हवी होती, हलके काहीतरी हवे होते. बाकीच्यांनी बर्बनची तीव्रता उतरवली, स्टिट्झेल-वेलर १०० प्रूफला चिकटून राहिले. मुलगा ज्युलियन (धाकटा) युद्धातून परतलेला, बापाच्या वळणाचा. पण भागधारक म्हणजे भागीदारांचे वारस, नातेवाईक. त्यांना बुडत्या धंद्यातून पैसा मोकळा करायचा होता. १९७२ मध्ये कारखाना नॉर्टन सायमन या कंपनीला विकला गेला. हिचा व्याप टोमॅटो केचपपासून शीतपेयांपर्यंत. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेत व्होडकाने व्हिस्कीला मागे टाकले. विकणाऱ्यांचा हिशेब चुकला होता असे म्हणता येत नाही.

ज्युलियनने विक्रीतून एक नाव तेवढे स्वतःकडे राखले, ओल्ड रिप व्हॅन विंकल. दारूबंदीपूर्वीचा हा पडून राहिलेला ब्रँड. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या कथेतला रिप व्हॅन विंकल डोंगरात वीस वर्षे झोपतो. त्याच्या नावाने चिनीमातीच्या शोभिवंत सुरया भरून विकायच्या, आणि आत घालायला दारू आपल्याच जुन्या कारखान्याकडून विकत घ्यायची, असा धंदा त्याने मांडला. १९८१ मध्ये तो गेला आणि तिसऱ्या ज्युलियनवर, म्हणजे पॅपीच्या नातवावर, सगळे येऊन पडले. १९८३ मध्ये नातवाने लॉरेन्सबर्गजवळची हॉफमन नावाची जुनी, बंद भट्टी घेतली. गाळण्यासाठी नव्हे, पिंपे ठेवायला आणि बाटल्या भरायला. माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

इकडे शाइव्हलीच्या कारखान्याचे मालक बदलत गेले. १९८४ मध्ये तो ब्रिटनच्या डिस्टिलर्स कंपनीकडे आला, १९८६ मध्ये त्या कंपनीलाच गिनेसने गिळले, आणि पुढे हे सगळे डियाजिओत गेले. दूर लंडनमधल्या या मालकांच्या वहीत स्टिट्झेल-वेलर म्हणजे स्कॉचच्या ढिगाखालची एक नोंद. गोदामे भरलेली, माल खपत नाही. पिंपे आठ वर्षांची झाली, दहाची झाली, पंधराची झाली. अमेरिकेत फार जुनी बर्बन म्हणजे लाकूड चावल्यासारखी, बिघडलेली, अशीच समजूत होती, आणि पुष्कळदा ती खरीही असे. पण जपानमधले गिऱ्हाईक स्कॉचवर पोसलेले. वय जास्त तर मान जास्त हे त्यांनी बर्बनलाही लावले. नातू ज्युलियन जुनी पिंपे घेत होता, जपानला बाटल्या पाठवत होता, आणि कर्ज फेडत होता. बाकी कुणाला नको असलेला माल तो उचलत होता, पण ऐपतीप्रमाणेच. सगळा उचलता आला असता तर, हा विचार त्या घरात कितीदा झाला असेल.

जुनी बर्बन महाग का, याचा एक साधा हिशेब मांडतो. पिंपात मावते ५३ गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर. केंटकीत उन्हाळा कडक, हिवाळा कडक. उन्हात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत परत येते. याच येण्याजाण्याने रंग आणि चव चढते, आणि याच वाटेने ती उडूनही जाते. वर्षाला ४ टक्के धरले तरी २३ वर्षांनी उरतात ७८ लिटर. जेमतेम १०० बाटल्या. वरच्या मजल्यावरचे पिंप तापते म्हणून लवकर आटते आणि कडू होते. तळमजल्यावरचे, अंधारात थंड पडलेले, तेच इतकी वर्षे टिकते. आणि टिकलेल्यांतही बरेचसे टाकाऊ निघते. पिंपे चाखून निवडणे हे नातवाचे खरे कसब, आणि माझ्या मते पॅपी व्हॅन विंकल या बाटलीचा खरा कर्ता तोच, आजोबा नव्हेत.

१९९२ मध्ये गिनेसच्या युनायटेड डिस्टिलर्सने लुईव्हिलमध्ये नवी बर्नहाइम भट्टी सुरू केली आणि स्टिट्झेल-वेलरची भट्टी विझवली. गव्हाची कृती नव्या यंत्रांवर गेली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर नातवाने २० वर्षांची बाटली आजोबांच्या नावाने बाजारात आणली. शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने तिला १०० पैकी ९९ गुण दिले. बर्बनला असे गुण कुणी ऐकले नव्हते. दारूबद्दल लिहिणारे धावले, मग नामांकित शेफ धावले, अँथनी बोर्डेनसारख्या माणसाने टीव्हीवर तिचे गोडवे गायले. आणि जो तो विचारू लागला, ही गाळली कुठे? उत्तर होते, शाइव्हलीत, पण आता तिथे काही गाळत नाहीत.

१९९९ मध्ये त्या कारखान्याच्या ब्रँडांची वाटणी झाली. वेलर हे नाव न्यू ऑर्लिन्सच्या सॅझरॅक कंपनीकडे, म्हणजे फ्रँकफर्ट गावच्या बफेलो ट्रेस भट्टीकडे गेले. ओल्ड फिट्झजेरल्ड आणि बर्नहाइम भट्टी हेवन हिल या कंपनीने घेतली. तिची स्वतःची भट्टी १९९६ च्या आगीत जळून गेली होती. जमीन, गोदामे आणि विझलेली भट्टी डियाजिओकडेच राहिली. नातवाला पुढचा माल कुठून आणायचा हा प्रश्न होता. त्याने २००२ मध्ये बफेलो ट्रेसशी भागीदारी केली, लॉरेन्सबर्गला निरोप दिला, आणि तेव्हापासून व्हॅन विंकल फ्रँकफर्टला गाळली आणि भरली जाते.

त्यानंतरचे सगळे वेड आहे, आणि त्यावर फार शाई खर्च करावीशी वाटत नाही. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत बाटलीसाठी सरकारी सोडती निघू लागल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये बफेलो ट्रेसच्या गोदामातून २० वर्षांच्या पॅपीची ६५ खोकी, म्हणजे १९५ बाटल्या, गायब झाल्याचे उघड झाले. पुढे नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. सूत्रधार निघाला आतलाच जुना कामगार. किल्ली पुन्हा आतल्याच माणसाच्या हाती होती.

आपल्याकडच्या वाचकाला या घराण्याची नावे परकी वाटतील, पण मालकांची नाहीत. डियाजिओ म्हणजे युनायटेड स्पिरिट्सची, मॅकडॉवेल्स बनवणाऱ्या कंपनीची मालक. आणि पॅपी बनवणाऱ्या सॅझरॅकने २०१७ मध्ये जॉन डिस्टिलरीज या कंपनीत भागभांडवल घेतले, जिची पॉल जॉन ही सिंगल माल्ट गोव्यात तयार होते. केंटकीत वर्षाला ४ टक्के उडणारी दारू गोव्याच्या हवेत त्याहून कितीतरी झपाट्याने उडते. तिथे २३ वर्षे थांबायचे ठरवले तर पिंपात ओला ओक तेवढा शिल्लक राहील.

शाइव्हलीच्या आवारात २०१४ मध्ये डियाजिओने पर्यटकांसाठी केंद्र उघडले. तिथली गोदामे भट्टी विझल्यावरही वापरात राहिली. त्यांत दुसऱ्या भट्ट्यांची दारू मुरत असे. २०१५ मध्ये तिथून ब्लेड अँड बो नावाची बर्बन निघाली, आणि तिच्या प्रत्येक बाटलीला पाचपैकी एक किल्ली लटकवलेली असते. स्टिट्झेल-वेलरच्या दारावर एकेकाळी धान्य, खमीर, आंबवण, गाळप आणि मुरवण या पाच पायऱ्यांच्या नावाने पाच किल्ल्या टांगलेल्या असत, म्हणून. पाचही किल्ल्या जमवणारे हौशी लोक आहेत.

अमेरिकेतून येणाऱ्या एखाद्या भाच्या-पुतण्याने पॅपी आणली, तर लेबलावरचे बारीक अक्षर वाचा. गाव लॉरेन्सबर्ग असेल तर बाटली २००२ च्या आसपासची किंवा त्याआधीची, आणि जपून ठेवण्याजोगी. फ्रँकफर्ट असेल तर वर्ष शोधा. १९९२ चे शेवटचे पिंप २३ वर्षांचे झाले २०१५ मध्ये. त्यानंतर भरलेल्या बाटलीत पॅपीच्या भट्टीचा माल असण्याची शक्यता जवळजवळ संपते. ती बाटली उत्तम असेल, पण ती बफेलो ट्रेसची गव्हाची बर्बन आहे. त्याच भट्टीत, गव्हाच्याच कृतीने गाळलेली १२ वर्षांची वेलर छापील किमतीत दिसली, तर मी ती घेईन आणि उरलेले पैसे खिशात ठेवीन.